डिस्क आपल्या हातात, चावी कंपनीच्या

मुलाचा दहावीचा निकाल लागल्यावर दिलेला शब्द पाळण्यासाठी मी 18 मे रोजी लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून कार शर्यतीच्या गेमची सीलबंद डिस्क निम्म्या किमतीत, 1,999 रुपयांना घेतली. नंतर त्याच्या हट्टापायी 1,499 रुपयांचा सीझन पास (गेमच्या जादा भागांसाठीचा पास) आणि 799 रुपयांची गेममधली नाणी घेतली. 30 जूनला गेमच्या कंपनीने सर्व्हर, म्हणजे गेम इंटरनेटवरून ज्यांना जोडला जातो ते तिचे संगणक, बंद केले आणि 43 दिवसांत माझे 4,297 रुपये पाण्यात गेले. मुलगा एकटाच, संगणकाने चालवलेल्या गाड्यांशी शर्यत लावत असे. तरीही सर्व्हरशी संपर्क झाल्याशिवाय गेम पहिल्या पडद्यापुढे सरकतच नाही.

मी हिशेब तपासण्याचे काम करतो आणि कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, म्हणूनच ही गोष्ट मला जास्त लागली आहे. डब्याच्या मागे किमतीचे लेबल नेमके तळाच्या बारीक अक्षरांवर चिकटवलेले होते आणि त्याच्या कडेखालून ‘इंटरनेट’ एवढाच शब्द दिसत होता. मी विचारलेही. “साहेब, ते मित्रांबरोबर खेळायचं असेल तर. डिस्क आहे ना, नेट नसलं तरी चालेल,” असे दुकानदार म्हणाला. तेव्हाच लेबल काढायला लावायला हवे होते. मी ते जुलैमध्ये नखाने खरवडले, तेव्हा खाली वाक्य होते: सतत इंटरनेट जोडणी आवश्यक, सेवा कधीही बंद होऊ शकते. सर्व्हर बंद होणार ही घोषणा 2 मे रोजीच झाली होती; किंमत निम्मी का होती, हे मला उशिरा उमगले. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात केबल तुटून दोन दिवस नेट नव्हते आणि गेम उघडला नाही, तेव्हाही मी पावसालाच दोष दिला.

दुकानदाराने कच्च्या बिलावरच्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवले. कंपनीने कळवले की मी गेम नव्हे, फक्त वापरण्याचा परवाना विकत घेतला होता. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून ठेवल्यावर “पैसे तुम्हीच दिलेत, मग फसवणूक कसली?” असे विचारण्यात आले. सरकारी मदतक्रमांकावर नोंदवलेली तक्रार अकरा दिवसांनी ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. मला एक फोनही आला नाही. कोणाचे निराकरण झाले, हे सांगायला तिथे कोणी नाही.

हे नवे नाही. 2014 साली आलेला ‘द क्रू’ हा कार शर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद होताच एकट्याने खेळणाऱ्यांसाठीही संपला. उलट 2013 च्या ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या गेमला पुढच्याच वर्षी नेटशिवाय खेळण्याची सोय देण्यात आली, म्हणजे मनात असेल तर कंपन्यांना हे जमते. डिस्क घेण्यापूर्वी गेमच्या नावापुढे ‘सर्व्हर बंद’ असे लिहून शोधा. लेबल लावलेला डबा घेऊ नका. कच्चे बिल तर मुळीच स्वीकारू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्या बिलावर तारीखच नाही, पण यूपीआयच्या नोंदीत 18 मे आणि दुकानाचे नाव दोन्ही आहे. त्या नोंदीची प्रत आणि खरवडलेल्या लेबलाचा फोटो मी तक्रारीला जोडला आहे.