किल्ला, १४४१६, सरकारी ओपीडी का प्रायव्हेट? साताऱ्यात राहून ठरवायचं असंल तर

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. म्हणला, दादा तू मधी त्या मनाच्या डॉक्टरकडं जायचास ना, मला पण दाखवायचंय पण कुठं जाऊ कळंना झालंय. दोन वर्षांपूर्वी माझं पण हेच झालेलं, शिफ्ट ड्युटीनं झोप गेलेली, घरात बायकोपोरांवर खेकसायचो, आणि नुसतं "कुठं जाऊ" यात सहा महिने घालवले. त्याला जे सांगितलं तेच इथं टाकतोय. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, डॉक्टर बिक्टर नाही, पण हे सगळे दरवाजे वाजवून झालेत माझे.

लोक आधी पैशाचा हिशोब करतात. पण आपल्या गावात पहिला प्रश्न असतो "कोण बघंल". पोवई नाक्यावर एखाद्या क्लिनिकच्या पायऱ्या चढताना कुणी बघितलं की तुम्ही राजवाड्याला पोचायच्या आत बातमी घरी पोचलेली असते, आणि आपल्याकडं अजून पण जरा काय झालं की "येरवड्याला पाठवा ह्याला" म्हणून हसणारे आहेतच. हा हिशोब मी पण केला आणि त्यातच फसलो, ते खाली सांगतो.

पहिला पर्याय सगळ्यांचा लाडका, सकाळी अजिंक्यतारा चढ, आपोआप बरं वाटंल. फुकट आहे, कुणी काय विचारत नाही, आणि हलकं नैराश्य असंल तर रेग्युलर चालण्याचा उपयोग होतो हे डॉक्टर पण सांगतात. मी चार महिने चढलो, पोट कमी झालं, झोप तीन तासांची चार तास झाली. पण एकटं चालताना डोकं गप बसत नाही ना, अर्ध्या चढावर सुपरवायझरशी मनातल्या मनात भांडण सुरू व्हायचं ते मंगळाईच्या देवळापर्यंत, आणि तिथं पोचेपर्यंत मी नोकरी सोडलेली असायची. त्यामुळं माझं मत असं, की दिवस वाईट गेला, आठवडा वाईट गेला तर किल्ला, मित्र, चार भिंतीच्या स्मारकावर बसून गप्पा, हे भरपूर झालं. पण सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास, कशात रस नाही, झोप नाहीतर भूक बिघडलेली आणि कामावर परिणाम व्हायला लागला, तर किल्ला चालू ठेव पण माणसाकडं जा. डॉक्टर लोक जी नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात त्यात पण मागच्या दोन आठवड्यांचंच विचारतात.

आता १४४१६. टेली-मानस नाव आहे, केंद्र सरकारचं, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतंय. "कोण बघंल" वाल्यांसाठी याच्यासारखं काय नाही, गाडीत काचा वर करून बस आणि बोल. मी पहिल्यांदा लावला तेव्हा बोलायच्या ऐवजी रडलोच, पलीकडचा माणूस गप ऐकत होता, घाई केली नाही. गरज वाटली तर पुढं तज्ज्ञांशी जोडून देतात. फक्त एवढं लक्षात घे की ही हेल्पलाईन आहे, दर आठवड्याला तोच ओळखीचा माणूस तुझी फाईल घेऊन बसलाय असं धरू नको. सुरुवातीला आणि रात्री दोन वाजता एक नंबर, वर्षभराच्या इलाजाला पुरं पडत नाही.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर ही तुलना वाचत बसू नको, आत्ता १४४१६ लाव आणि घरात एकाला तरी उठवून सांग, गरज पडली तर १०८. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं धरलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा करायची नाही.

सरकारी दवाखान्याचं पटकन सांगतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्यात मानसोपचार डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर अशी टीम धरलेली असते, औषधं फुकट. नोकरदाराला अडचण वेळेची, ओपीडी सकाळची म्हणजे हाफ डे गेला. पण वर्षभर गोळ्या चालणार असतील आणि पगार बेताचा असंल तर हाच टिकणारा रस्ता, यात कमीपणा काय नाही.

प्रायव्हेटमधी लोक लय घोळ घालतात, सायकियाट्रिस्ट आणि काउन्सेलर एकच समजतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलून, विचारांच्या सवयी बदलून काम करतो, आणि त्याची आरसीआय म्हणजे पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते, नंबर मागायला लाजू नको. नुसतं "काउन्सेलर" मात्र कोण पण लावतंय पाटीवर, चार दिवसांचा कोर्स केलेला पण. मी एकाकडं गेलो, नाव घेत नाही, त्यानं माझी पत्रिका मागितली. पाचशे रुपये गेले.

मग कुणाकडं आधी? झोप, भूक, वजन बिघडलंय, छातीत धडधड, कामावर जाता येत नाही, तर आधी सायकियाट्रिस्ट. तो थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन पण बघून घेतो, कारण थायरॉईड बिघडला तरी माणूस असाच उदास होतो. आणि त्रास नात्यातला असंल, सारखी चिंता, रागावर ताबा नाही, तेच तेच विचार, तर सायकॉलॉजिस्ट. आपल्याकडं कि. मो. फडक्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारे चुकीचे विचार ओळखून बदलायची, मराठीत आणली, त्यामुळं मराठीत हे काम करणारी माणसं मिळतात. दोन्ही एकदम पण चालतं, माझं तसंच झालं.

गोळ्यांची भीती सगळ्यांना. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही, पण असर दिसायला दोन ते चार आठवडे जातात कधी जास्त पण, आणि आपल्या मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, त्रास होतो. उलट मेडिकलवाल्या मित्राकडून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी, तिची सवय लागते. ती मी दोन महिने खाल्लेली आहे म्हणून बोलतोय.

ऑनलाईनचं म्हणशील तर पुण्यामुंबईचा चांगला माणूस घरबसल्या मिळतो, पण दोन खोल्यांच्या घरात आई शेजारी शेंगा सोलत असताना तू कसा बोलणार? शेतात जाऊन बोलणारा एक मित्र आहे माझा, त्याला जमतंय, मला रेंज पण मिळंना आणि धीर पण होईना.

भावानं विम्याचं पण विचारलेलं, तर मानसिक आजाराला पण बाकीच्या आजारांसारखाच विमा द्यायचा असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालं तरच पैसे देतात, ओपीडी आणि काउन्सेलिंग आपल्या खिशातनं.

आता माझी चूक. कुणी बघू नये म्हणून मी सांगलीत डॉक्टर धरला. चांगला होता, त्याच्यात काय खोट नाही. पण एसटीनं जाऊन येऊन अख्खा दिवस जायचा, दर वेळी सुट्टी, दर वेळी घरी खोटं बोलायचं, तिसऱ्या वेळेला मी गेलोच नाही, आणि गोळ्या संपल्या तशा बंद. महिन्याभरात पुन्हा तिथंच. लपायला जेवढं लांब गेलो तेवढं फॉलोअप अवघड झालं. म्हणून भावाला म्हणलं, डॉक्टर कितपत नावाजलेला आहे त्यापेक्षा तू पाचव्यांदा, सहाव्यांदा त्याच्याकडं जाशील का ते बघ. दुसऱ्या खेपेला मी इथलाच धरला, ड्युटी सुटल्यावर बाईकनं दहा मिनिटं.

तो म्हणला, आणि ओळखीचं कोण भेटलं तर?

भेटलं की. पहिल्याच दिवशी वेटिंगमधी आमच्या कॉलनीतले रिटायर गुरुजी. दोघं पण पेपरात तोंड घालून बसलो, माझा पेपर कालचा होता. दहा मिनिटांनी ते हळूच म्हणाले, तुझा नंबर कितवा? म्हणलं सात. म्हणाले माझा सहा. आता मंगळवारी ते लवकर जाऊन दोघांचा नंबर लावून ठेवतात.