हिरव्या पाण्यात गेलेले ५०,८५० रुपये

नऊ वर्षं मी फुलांच्या सजावटीला लागणारा पाला पिकवतोय. शेडनेटमध्ये ड्रॅसिना, बांधावर कामिनी, माल दादरच्या फूलबाजारात. एवढा अनुभव असून फसलो, याची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण कापलेला पाला ताजा ठेवणारं औषध म्हणून हिरवं पाणी विकणारा तो माणूस अजून शेतकऱ्यांकडे फिरतोय.

१७ ऑगस्ट २०२५. गणपती २७ ला. ग्रुपवरची ओळख सांगत तो शेडवर आला. त्याचा दावा: पाला पंधरा दिवस हिरवागार, कोल्ड रूम नको, पाणी बदलायला नको, सगळ्या पाल्याला एकच डोस. या चार वाक्यांतच त्याला बाहेर काढायला हवा होता. ड्रॅसिना दहा अंशांच्या खाली ठेवला तर काळा पडतो, फर्नला मात्र चांगली थंडी लागते; सगळ्यांना एकच नियम लावणाऱ्याने पाला कधी हाताळलेलाच नसतो.

त्याने दोन बादल्या मांडल्या. साध्या पाण्यातली कामिनी मान टाकलेली, औषधातली ताठ. मी दोन्हींतल्या काड्या उचलून पाहिल्या. मलूल काड्यांची टोकं तपकिरी, सुकलेली होती. ताठ काड्यांना नुकताच दिलेला तिरका काप. म्हणजे एक जुडी आदल्या दिवशी कापून कोरडी ठेवलेली, दुसरी त्याच सकाळची. हे मला दिसलं. कापल्या कापल्या पाण्यात टाका, काडीत हवा शिरली की ती पाणी ओढत नाही, हे मी कामावरच्या बायकांना रोज सांगतो. आणि त्या दिवशी टोकं बघून काड्या परत बादलीत ठेवल्या. तो क्षण डोक्यातून जात नाही.

मी हावरट नव्हतो. आमच्याकडे वीज दिवसातून चार-चारदा जाते, कोल्ड रूम भरवशाची नाही, आणि शेजारच्यानेही दोन डबे घेतले होते. आठ डबे घेतले, ३,४५० रुपयांचा एक. २७,६०० झाले, २०,००० यूपीआयने, ७,६०० रोख. वर ८५० भाडं. पावती मागितली तर 'मागाहून पाठवतो'. डब्यावर ना पत्ता, ना बॅच नंबर. पावतीशिवाय रोख देऊ नका, कितीही घाई असली तरी.

२२ तारखेला ६४० जुड्या त्या पाण्यात ठेवल्या. दुसऱ्या संध्याकाळी पाणी दुधाळ, बुडखे बुळबुळीत, वास कुजका. २४ ला दादरहून व्यापाऱ्याचा फोन आला: "दादा, पानांची टोकं जळलीत, माल उचलून न्या." जुडीला ३५ रुपये, म्हणजे २२,४०० गेले. एका मित्राने आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी बुडवली, पाणी सातच्या आसपास, म्हणजे आंबट नाहीच. असं द्रावण पीएच साडेतीन ते साडेचार इतकं आंबट लागतं आणि त्यात जंतुनाशक हवं. नुसती साखर म्हणजे जिवाणूंना खाऊ. ते वाढून काडीच्या नळ्या बंद करतात. पाल्याला तशीही साखर फारशी लागत नाही, जास्त झाली की पानं जळतात. आमच्या डब्यात साखर आणि हिरवा रंग, याहून जास्त काही असेल असं मला वाटत नाही.

यानंतरचं जास्त चीड आणणारं. पोलीस ठाण्यात सांगितलं, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना, असं विचारलं तर साहेब म्हणाले, "माल मिळाला ना तुम्हाला?" कृषी कार्यालय म्हणे हे खत नाही, कीटकनाशक नाही, मग आमच्या कक्षेत येत नाही. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथला माणूस रजेवर. तीन चकरा, तीन दिवसांची मजुरी बुडाली आणि हातात साधी पोचसुद्धा नाही! शेतकऱ्याच्या दारात कुणीही काहीही विकावं आणि ते कुणाच्याच कक्षेत येऊ नये?

शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंत' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा कायद्याने ग्राहकच आहे.

तुमच्या दारात कुणी डेमो दाखवला तर एकाच जुडीचे दोन भाग करायला लावा, काप तुमच्या हाताने द्या, बादल्या तीन दिवस तुमच्याकडे ठेवा.

उरलेले पाच डबे सीलबंद ठेवलेत. ज्यांनी हिरवं पाणी घेतलंय त्यांनी डबे फेकू नका, यूपीआयची नोंद जपा आणि तक्रारीत माझ्यासोबत या.