चिलर प्लांट ऑटोमेशन: मुंबई-पुण्याच्या ऑफिस इमारतींत ते प्रत्यक्षात किती उतरतं?

एसीसाठी पाणी थंड करणारे चिलर किती चालवायचे, पंप कोणत्या वेगाने फिरवायचे, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरचे पंखे कधी कमी करायचे, हे ठरवणारा ‘चिलर प्लांट मॅनेजर’ आता मोठ्या ऑफिस इमारतींच्या बीएमएसमध्ये (इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकीय प्रणालीत) सर्रास असतो. चिलर बनवणाऱ्या कंपन्या तो मशीनबरोबर तयार देतात; बीएमएसवाले डीडीसी (डिजिटल) कंट्रोलरवर स्वतः प्रोग्रॅम करून देतात. दोन्ही प्रकारांबद्दल आमचं मत एकच आहे. लॉजिक बहुतेक वेळा ठीक असतं, पण त्याला मिळणारी मोजमापं खराब असतात. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा ‘किलोवॅट प्रति टन’ (एक टन थंडाव्यामागे लागणारी वीज; जितकी कमी तितकं चांगलं) हा आकडा तपासल्याशिवाय खरा मानू नये.

तपासणी तापमानाच्या सेन्सरपासून सुरू करा. 300 टनांच्या चिलरमधून 5.5 अंशांच्या फरकाने पाणी फिरत असेल, तर प्रवाह ताशी 165 घनमीटरच्या आसपास हवा. जाणाऱ्या पाण्याचा सेन्सर 0.3 अंश कमी आणि परतीचा 0.3 अंश जास्त दाखवत असेल, तर फरकातच 11 टक्के चूक होते. 0.80 किलोवॅट प्रति टनवर चालणारा प्लांट स्क्रीनवर 0.72 दिसतो, आणि मालक समाधानाने पुढच्या विषयाकडे वळतो. चूक उलट दिशेने असेल तर तोच प्लांट 0.90 दिसतो आणि चांगल्या चिलरवर ठपका येतो.

अशी चूक येते कुठून? पीटी-100 हा रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर दोनच तारांवर जोडलेला असतो. त्याचा रोध अंशाला 0.385 ओहमने बदलतो, म्हणजे केबलचा 1 ओहम रोध थेट 2.6 अंशांची चूक घालतो. दहापट रोधाच्या पीटी-1000 मध्ये हीच चूक 0.26 अंशांवर येते. लांब केबल असेल तर पीटी-1000 घ्या किंवा तीन-चार तारांची जोडणी करा. दुसरं कारण थर्मोवेल, म्हणजे सेन्सर बसवायची पाइपातली नळी. तो पाइपाच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही किंवा आत थर्मल पेस्ट भरलेली नसते, आणि सेन्सर प्लांट रूमच्या हवेचं तापमान मिसळून सांगतो. तपासायला महागडं उपकरण लागत नाही. दोन्ही सेन्सर काढून थंड पाण्याच्या एकाच थर्मासमध्ये दहा मिनिटं ठेवा. बीएमएसवर दोघांत 0.1 अंशापेक्षा जास्त फरक दिसला, तर जोडी जुळवून घेतल्याशिवाय पुढचं काहीही मोजू नका.

पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लो मीटरच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ लांबी हवी. आपल्याकडच्या दाटीवाटीच्या तळघरांत ती क्वचित मिळते, मग मीटर एल्बोला (पाइपाच्या वळणाला) लागून बसतो आणि चुकीचं मोजतो. जागा पाइपिंगच्या ड्रॉइंगवरच राखून ठेवायला हवी. नंतर केलेली डागडुजी उपयोगी पडत नाही.

सगळी मोजमापं एकत्र तपासायची पद्धत म्हणजे हीट बॅलन्स. चिलरच्या इव्हॅपोरेटरने थंड पाण्यातून उचललेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरची वीज, यांची बेरीज कंडेन्सरने बाहेर टाकलेल्या उष्णतेएवढी यायला हवी. 300 टन म्हणजे 1,055 किलोवॅट. कॉम्प्रेसर 180 किलोवॅट घेत असेल तर कंडेन्सरच्या बाजूला 1,235 च्या आसपास दिसायला हवेत. सिंगापूरच्या ग्रीन मार्क या हरित इमारतींच्या योजनेत किमान 80 टक्के नोंदी 5 टक्क्यांच्या आत जुळाव्या लागतात. ही अट आपल्या टेंडरमध्ये जशीच्या तशी टाकावी, असं आमचं ठाम मत आहे. त्यासाठी कंडेन्सरच्या पाण्यावरही फ्लो मीटर लागतो, आणि खर्च कमी करताना पहिला गळतो तो नेमका हाच.

मोजमाप सुधारल्यावर ऑटोमेशन खरंच चालू आहे का ते पाहा. बॅकनेट या बीएमएसच्या संवाद-प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक आउटपुटला आदेशाच्या प्राधान्याच्या 16 पातळ्या असतात; आकडा जितका लहान तितकं प्राधान्य जास्त. ऑपरेटरने हाताने दिलेला आदेश बहुधा पातळी 8 वर बसतो आणि कमी प्राधान्याच्या पातळीवरून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला दाबून टाकतो. उन्हाळ्यातल्या एखाद्या तक्रारीच्या दिवशी पंप 50 हर्ट्झवर अडकवला जातो आणि तो आदेश काढायचं राहून जातं. म्हणून दर सोमवारी ‘मॅन्युअल’मध्ये असलेल्या पॉइंटची यादी काढा. पंप, चिलर किंवा टॉवर त्या यादीत असेल, तर तेवढ्या भागात ऑटोमेशन बंद आहे असंच समजा. हिरव्या दिव्यावरही विसंबू नका. ‘चालू’ ही खूण मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरवरून घेतली असेल तर एएचयूच्या (थंड हवा पुरवणाऱ्या युनिटच्या) पंख्याचा पट्टा तुटला तरी ती हिरवीच राहते. पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर चालणारा डीपी स्विच किंवा नीट सेट केलेला करंट स्विच लागतो.

पंपांत बचतीला सर्वाधिक वाव असतो, आणि तीच सर्वाधिक वाया जाते. वेग 50 वरून 40 हर्ट्झवर आला तर वीज कागदावर जवळजवळ निम्मी होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वर्षभर 47-48 हर्ट्झच्या खाली उतरत नाही. कारण डीपी सेन्सर पंपाच्या हेडरवरच (मुख्य पाइपावरच) बसवलेला असतो आणि सेटपॉइंट डिझाइनच्या आकड्यावर कायम ठेवलेला असतो. सेन्सर सर्वांत लांबच्या एएचयूजवळ हवा, आणि सर्वांत जास्त उघडलेला व्हॉल्व्ह 90 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत सेटपॉइंट हळूहळू खाली यायला हवा. अॅशरे या अमेरिकी एसी-अभियंत्यांच्या संघटनेच्या गाइडलाइन 36 मध्ये 2021 च्या आवृत्तीपासून चिलर प्लांटचे तयार क्रम दिले आहेत, त्यांत ही ‘ट्रिम अँड रिस्पॉन्ड’ पद्धत आहे. विक्रेत्याकडून तेच क्रम मागा. तरीही वेग उतरत नसेल तर अर्धवट उघडा राहिलेला बायपास किंवा जुना थ्री-वे व्हॉल्व्ह शोधा; यांतून पाणी एएचयूला वळसा घालून परत जातं.

व्हॉल्व्हकडे एक बारीक दोष वारंवार सापडतो. कंट्रोलर 0-10 व्होल्ट देतो आणि व्हॉल्व्ह फिरवणारा अॅक्च्युएटर 2-10 वर सेट असतो. पहिल्या 20 टक्के आदेशापर्यंत काहीच हलत नाही, नियंत्रण-लूप वाट पाहत राहतो आणि मग व्हॉल्व्ह सतत उघड-मीट करतो. पाच मिनिटांनी एकदा नोंद घेणाऱ्या ट्रेंडमध्ये हे दिसत नाही, एका मिनिटाच्या ट्रेंडमध्ये लगेच दिसतं.

कूलिंग टॉवरचा सेटपॉइंट इथल्या हवेप्रमाणे हवा. जुलैत मुंबईचं वेट-बल्ब (ओल्या कापडाने मोजलेलं, आर्द्रतेवर अवलंबून असणारं) तापमान 26 अंशांच्या आसपास असतं आणि टॉवर त्याच्या खाली पाणी नेऊच शकत नाही. सेटपॉइंट 24 वर ठेवला की सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात, हाती काही लागत नाही. वेट-बल्ब अधिक 3 ते 4 अंश असा बदलता सेटपॉइंट द्या, आणि चिलरला चालणाऱ्या किमान तापमानाखाली तो जाऊ देऊ नका. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात याचा फायदा मुंबईपेक्षा बराच जास्त मिळतो. मात्र वेट-बल्ब ज्यावरून काढतात तो बाहेरचा आर्द्रतेचा सेन्सर पावसाळ्यानंतर तपासायलाच हवा.

चोवीस तास चालणाऱ्या बीपीओंसाठी एक सूचना: ताज्या हवेचं प्रमाण ठरवायला आपोआप कॅलिब्रेट होणारे सीओटू सेन्सर घेऊ नका, किंवा ती सोय बंद करा. हवा कधीतरी 400 पीपीएमवर येते असं ते गृहीत धरतात. जागा कधीच रिकामी होत नसेल तर ते हळूहळू कमी आकडा दाखवू लागतात आणि ताजी हवा घटते. त्याचा त्रास रात्रपाळीतल्या माणसांना होतो.

प्लांटचा ताबा घेताना आधी दोन चाचण्या स्वतःसमोर करून घ्या: चालू पंपाचा ब्रेकर पाडून राखीव पंप आपोआप उठतो का, आणि वीज जाऊन डीजी (डिझेल जनरेटर) आल्यावर प्लांट माणसाचा हात न लागता क्रमाने सुरू होतो का. मग अॅडमिन पासवर्ड, प्रत्येक कंट्रोलरच्या प्रोग्रॅमचा बॅकअप, पॉइंटची यादी आणि इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स इमारतीच्या नावाने मागा. हे हातात येईपर्यंत शेवटचा 10 टक्के हप्ता रोखण्याची अट करारात असू द्या. प्रोग्रॅम विक्रेत्याकडेच राहिला, तर एक सेटपॉइंट बदलायलाही दरवर्षी त्याच्याच एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) अवलंबून राहावं लागतं.