भटक्या पिल्लासाठी मिळालेला दवाखाना: पहिल्या सहा महिन्यांचा अनुभव

जुलैच्या मध्यावर, डोंबिवलीत पावसाने तीन दिवस उसंत घेतली नव्हती तेव्हा, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या मागच्या चाकाला अंग घासत ओरडणारे मांजराचे तिरंगी पिल्लू दिसले. आई त्याला न्यायला येईल या आशेने आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुरून लक्ष ठेवले. ती आली नाही आणि पिल्लाचा आवाज मात्र क्षीण होत गेला, तेव्हा त्याला टॉवेलात गुंडाळून वर आणले. आमच्या घरात यापूर्वी कोणीही मांजर पाळलेले नव्हते. पुढच्या सहा महिन्यांत जे काही नीट पार पडले, ते घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका छोट्या पशुवैद्यकीय दवाखान्यामुळे, आणि त्याच सेवेबद्दल मला येथे सविस्तर लिहायचे आहे. डॉक्टर दवाखाना एकटेच चालवतात आणि आणखी गर्दी झेपणार नाही म्हणून नाव लिहू नका असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तेव्हा आपल्या भागातील दवाखाना निवडताना काय पाहावे, यासाठी हा अनुभव उपयोगी पडावा.

पहिल्या रात्री सासूबाईंनी मायेने वाटीत गाईचे कोमट दूध ठेवले होते. त्यांच्या माहेरी मांजरे दुधावरच वाढलेली, त्यामुळे आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. सकाळपर्यंत पिल्लाला जुलाब सुरू झाले आणि ते मान टाकून पडले. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनी सर्वप्रथम त्याच्या तळव्यांना बोट लावले, मग तापमान घेतले. मांजराचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आमच्या पिल्लाचे ३६ अंशांच्याही खाली होते. मी दुधाची बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि सांगितले, "ताई, थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात गेलेले अन्न पचत नाही. आधी ऊब, मग अन्न." गरम पाण्याची पिशवी दुपट्यात गुंडाळून पिल्लू तिच्या कडेला ठेवले, त्याला हवे तर दूर सरकता येईल एवढी जागा सोडली आणि अर्धा तास थांबायला लावले. त्या अर्ध्या तासाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, आणि त्या वेळात त्यांनी मला जे समजावले ते अन्यत्र कोणी समजावले नसते.

गाईच्या दुधात लॅक्टोज ही साखर भरपूर असते, ती पिल्लाला पचत नाही आणि जुलाबातून शरीरातले पाणी निघून जाते. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवायची. पाजताना पिल्लाला तान्ह्या बाळासारखे उताणे धरायचे नाही, ते पोटावर असले पाहिजे, एरवी दूध फुप्फुसात जाऊ शकते. दूध पाजल्यावर ओल्या कोमट कापसाने त्याची शी-शूची जागा हळूच पुसायची, कारण अगदी लहान वयात आईच्या चाटण्याशिवाय ते होत नाही आणि चौथ्या आठवड्यातही काही पिल्लांना ही मदत लागते. हे सारे त्यांनी आधी स्वतः करून दाखवले आणि मग माझ्याकडून करून घेतले.

वय कसे ओळखतात, हेही तेव्हाच कळले. त्यांनी करंगळीने पिल्लाचा ओठ उचलून पुढचे तांदळाच्या कणीएवढे दात दाखवले. मागच्या दाढा अजून आल्या नव्हत्या, डोळे निळसर होते, त्यावरून सुमारे चार आठवडे. वजन भरले ३१० ग्रॅम, म्हणजे त्या वयाच्या मानाने बरेच कमी. काळा आणि नारिंगी असे दोन्ही रंग अंगावर असल्यामुळे ती भाटीच असणार, हे त्यांनी तपासण्याआधीच सांगितले. नारिंगी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे दोन्ही रंग एकत्र दिसायला दोन एक्स लागतात, बोक्यात सहसा एकच असते, म्हणून तिरंगी बोका क्वचितच जन्माला येतो. आम्ही तिचे नाव शेवंती ठेवले.

त्यानंतर त्यांनी बारीक दातांची फणी तिच्या मानेवरून फिरवली, फणीत आलेली काळी भुकटी ओल्या कापसावर झटकली आणि कापूस माझ्यासमोर धरला. काळ्या ठिपक्यांभोवती लाल वर्तुळे पसरत गेली. मला जी धूळ वाटत होती ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पिल्लाचेच प्यायलेले आणि पचवलेले रक्त. इतक्या लहान जिवाला पिसवांमुळेही रक्तक्षय होतो. उपाय म्हणून त्यांनी दिवसातून दोनदा फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी एवढेच सुचवले. आदल्या संध्याकाळी एका दुकानातून मी पिसवांची पावडर घेतली होती, ती पिशवीतून काढून दाखवताच त्यांनी डब्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि ती वापरू नका असे ठामपणे सांगितले. ती कुत्र्यांसाठीची होती आणि तिच्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक होते, जे मांजरांना विषासारखे बाधते. दुकानदाराने "चालते हो, सगळे नेतात" असे म्हटले होते. त्याच दुकानातून आणलेली सुगंधी, पाणी लागताच गोळा होणारी लिटरची (मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये घालायची) मातीही त्यांनी बाजूला ठेवायला सांगितली, कारण या वयाची पिल्ले सारे तोंडात घालून पाहतात आणि ती माती पोटात जाऊन तिचा गोळा होऊ शकतो. चार महिने पूर्ण होईपर्यंत लाकडी गोळ्यांचे लिटर वापरा, म्हणाले. ते आम्ही उथळ ट्रेमध्ये ठेवले आणि शेवंतीने दुसऱ्याच दिवशी त्याचा उपयोग समजून घेतला.

या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे वजनाची वही. डॉक्टरांनी सांगितले की रोज सकाळी एकाच वेळी, दूध पाजण्यापूर्वी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तारखेसह लिहा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी आणि २४ तासांत वजन वाढले नाही तर फोन करा. स्टीलच्या डब्यात दुपटे घालून, डब्याचे वजन वजा करून आम्ही हे दीड महिना केले. नवव्या दिवशी ३८४ चे ३७९ झाले. दिसायला ती खेळत होती, दूधही घेत होती, आणि वही नसती तर आम्हाला काही कळले नसते. फोन केल्यावर त्यांनी लगेच बोलावले, शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, जंत दाखवले आणि वजनानुसार मोजून औषधाचा डोस दिला. पुढे आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध झाले.

लसीकरणाचे वेळापत्रक त्यांनी पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून दिले होते. पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरची एकत्रित लस आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात, आणि रेबीजची लस बाराव्या आठवड्यात. एकच डोस का पुरत नाही, हे मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी संपतात हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. त्यांनी माझ्या हातावरचे ओरखडेही पाहिले आणि साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायला सांगितले. भटक्या जनावराचा ओरखडा किरकोळ समजायचा नाही, रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय राहत नाही. आपला रुग्ण प्राणी असला तरी त्याला घेऊन आलेल्या माणसाकडे लक्ष देणारा डॉक्टर मला प्रथमच भेटला.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. प्रतीक्षेची खोली एकच आहे आणि तिथे कुत्री व मांजरे शेजारी बसतात. लस न झालेल्या पिल्लाला त्या खोलीत नेणे मला आजही पटत नाही, कारण पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू अतिशय चिवट असतो, पादत्राणांवरूनही पसरतो आणि पिल्लांचा जीव घेतो. आम्ही दरवेळी रिक्षातच थांबून नंबर आल्यावर आत गेलो, परंतु ही सोय रुग्णाने शोधण्याऐवजी दवाखान्याने मांजरांसाठी आठवड्यातून दोन तास वेगळे ठेवले तर पुष्कळ फरक पडेल. हे मी डॉक्टरांशी बोलले आहे. रविवारी दवाखाना बंद असतो आणि रात्रीची सेवा नाही. त्यामुळे रात्री वेळ आली तर कोठे जायचे, तो पत्ता पहिल्याच आठवड्यात विचारून दारामागे लिहून ठेवावा. मुंबईत परळला प्राण्यांचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, पण डोंबिवलीहून मध्यरात्री आजारी पिल्लू घेऊन तेथवर जाणे सोपे नाही.

डिसेंबरमध्ये, सहा महिन्यांची आणि २ किलो ३०० ग्रॅमची झाल्यावर, शेवंतीची नसबंदी झाली. पहिला माज येण्यापूर्वी केल्यास स्तनाच्या कर्करोगाची शक्यता बरीच घटते, म्हणून आम्ही लांबवले नाही. आदल्या दिवशी रक्ततपासणी झाली, उपाशी किती तास ठेवायचे ते लेखी मिळाले, आणि शस्त्रक्रियेनंतर ती पूर्ण शुद्धीवर येऊन मान सावरेपर्यंत त्यांनी तिला घरी सोडले नाही. डाव्या कुशीवर दोन बोटांएवढी जखम होती. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर तिला सहन होईना, तेव्हा सासूबाईंनी नातवाच्या जुन्या झबल्याला चार भोके पाडून तिला घातले, आणि डॉक्टरांनी टाके तपासताना ते झबले पाहून तसेच राहू द्या म्हटले.

खर्चाचे सांगायचे तर प्रत्येक तपासणीचे ३०० रुपये झाले आणि दरवेळी औषधांची नावे व प्रमाण लिहिलेली पावती मिळाली. बाटलीतले औषध नाव न सांगता पुडीत बांधून देण्याची पद्धत येथे नाही, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याची वेळ आलीच तर हाताशी सारे कागद आहेत. रेबीजची पुढची लस येत्या सप्टेंबरमध्ये आहे. कार्डावर तारीख लिहिलेली आहे, आणि वही अजून त्याच काट्याशेजारी आहे, आता आठवड्यातून एकदा भरतो.