पाय टेकवायची फळी असलेली खुर्ची: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमची सहा वर्षांची मुलगी लिहायला बसली की पाच मिनिटांत तिची पाठ वाकत असे आणि हनुवटी जवळजवळ वहीला टेकत असे. ‘सरळ बस’ हे सांगून थकल्यावर आम्ही बैठक आणि पाय टेकवायची फळी या दोन्हींची उंची स्वतंत्रपणे बदलता येणारी लाकडी खुर्ची घेतली.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की दोष तिच्या सवयीपेक्षा आमच्या मोठ्यांच्या खुर्चीत अधिक होता. पाय अधांतरी असले आणि बैठक मांडीच्या मानाने खोल असली, की मूल पुढे घसरते, त्याचा कंबरेचा भाग मागे कलतो आणि त्यापाठोपाठ पाठ व मान वाकते. अशा वेळी टोकले तर ते क्षणभर ताठ होते, इतकेच. आमचे टेबल 75 सेंटीमीटर उंच असल्याने, कोपर त्याच्या पातळीला यावे म्हणून बैठक 57 सेंटीमीटरवर बसवली आणि तळवे पूर्ण टेकावेत म्हणून फळी बैठकीच्या 29 सेंटीमीटर खाली लावली. बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन बोटांचे अंतर ठेवले.

तेव्हापासून लिहिताना ती खुर्चीच्या पाठीला टेकून बसते. वीसेक मिनिटांनी मात्र आजही वाकते, कारण स्नायू थकतात. त्यावर उठून हिंडणे हाच उपाय, आणि तिची चुळबुळ आम्ही आता खोडी मानत नाही. वाचताना मान झुकते तीही खुर्चीने थांबली नाही. पुस्तक उतरत्या स्टँडवर ठेवल्यावर थांबली.

तक्रारी दोन आहेत. स्क्रू महिन्या-दीड महिन्यात सैल होतात आणि खुर्ची करकरू लागते. शिवाय सूचनापत्रकात वयानुसार खाचा दिल्या आहेत, ज्या आमच्या उंच, सडपातळ मुलीला मुळीच जुळल्या नाहीत. वयापेक्षा मापावर भर द्यावा आणि ते दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावे. या काळात तिची उंची 4 सेंटीमीटर वाढली आणि फळी एक खाच खाली घ्यावी लागली.

खुर्ची जड असल्याने बाहेरगावी नेता येत नाही. तिथे साध्या खुर्चीत बुडाखाली घट्ट घडी केलेली चादर, पाठीमागे कडक उशी आणि पायांखाली पालथे खोके ठेवतो, आणि खरे सांगायचे तर ती तिथेही जवळपास तितकीच नीट बसते.