कणाचा आकार मोजायचाय: डीएलएस, एनटीए की टीईएम?

नागपुरात एम.फार्म.चा प्रोजेक्ट असो की बुटीबोरी-हिंगण्यातलं छोटं फॉर्म्युलेशन युनिट, प्रश्न एकच येतो: औषधातल्या नॅनोकणांचा आकार कशाने मोजू? माझं मत आधीच सांगतो. एकाच यंत्रापुरते पैसे असतील तर डीएलएस (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग: कण द्रवात किती वेगाने हलतात ते विखुरलेल्या प्रकाशावरून ओळखून आकार काढणारं यंत्र) घ्या, पण त्याच्या एकट्या आकड्यावर बॅच पास करू नका.

डीएलएस झटपट आहे, सॅम्पल थोडंच लागतं, रोजच्या कामाला बरं. गोम अशी की विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका उजळतो. चार गुठळ्या किंवा बफरमधली (कण ज्यात मिसळतो त्या द्रावणातली) धूळ, आणि झेड-ॲव्हरेज (डीएलएस देतं ती सरासरी) वर सरकलंच. बफर गाळून घ्या. सॅम्पल मात्र गाळू नका, नाहीतर ज्या गुठळ्या शोधायच्या त्याच फिल्टरवर राहतात. 60 आणि 100 नॅनोमीटरचे कण एकत्र असतील तर हे यंत्र सहसा एकच रुंद शिखर दाखवतं.

तापमानाचं तर विचारूच नका. पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) 25 अंशांना 0.89 मिलिपास्कल-सेकंद असते, 30 ला 0.80, आणि पाणी पातळ झालं की कण जोरात हलतो, म्हणून लहान भासतो. सॅम्पल 30 अंशांवर आणि हिशोब 25 चा असेल, तर 100 चा कण 88 च्या आसपास दिसतो. नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीतून क्युव्हेट (सॅम्पलची छोटी पारदर्शक कुपी) आणून लगेच बटण दाबायचं नाही. यंत्रात काही मिनिटं स्थिरावू द्या. पावसाळ्यात उलट: फ्रिजमधून काढलेल्या क्युव्हेटवर बाहेरून दव धरतं, ते पुसल्याशिवाय आत ठेवू नका.

एनटीए (नॅनोपार्टिकल ट्रॅकिंग ॲनालिसिस) कॅमेऱ्याने एकेक कण हलताना पाहतं, म्हणून मिश्रण उलगडायला सरस, आणि कणांची संख्याही देतं. पण मिलीलिटरमागे साधारण 1 कोटी ते 100 कोटी कण हवेत. त्यासाठी सॅम्पल हजारो पट पातळ करावं लागतं. सर्फॅक्टंटवर (कणांना वेगळं ठेवणाऱ्या साबणासारख्या घटकावर) तगलेला कण इतक्या पाण्यात बदलूही शकतो. कॅमेरा-थ्रेशोल्डच्या (किती उजळ ठिपका कण म्हणून धरायचा त्या मर्यादेच्या) सेटिंगवर निकाल हलतो, हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) आकार डोळ्यांनी दाखवतं, पण वाळवलेल्या सॅम्पलचा. लायपोसोम (मेदाच्या पातळ पडद्याचे फुगे) त्यात चपटे होतात. त्यांना क्रायो-टीईएमच (सॅम्पल न वाळवता झटकन गोठवून पाहणारं) हवं. शिवाय दोन-तीन देखण्या फोटोंवरून सरासरी काढणं म्हणजे निव्वळ थाप. शेकडो कण मोजावे लागतात.

तिन्हींचे आकडे जुळणार नाहीत, आणि तसे जुळवूही नयेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-प्रमाण संस्थेच्या 10 नॅनोमीटर सोन्याच्या प्रमाण-सॅम्पलला टीईएमने 8.9 आणि डीएलएसने 13.5 येतं, कारण डीएलएस कणाभोवतीचं आवरण आणि सोबत फिरणारं पाणीही मोजतं.

म्हणून डीएलएस घरात ठेवा, टीईएम बाहेरून करून घ्या. गुठळ्यांचा संशय असेल किंवा संख्या लागणारच असेल तेव्हाच एनटीएवर खर्च करा. आणि रिपोर्टमध्ये नुसतं «120 नॅनोमीटर» नको: पद्धत, तापमान, डायल्यूशन, पीडीआय (आकारांचा पसारा सांगणारा आकडा), किती रीडिंग, हे त्याच ओळीत लिहा.