पेटी खरी वाटली, आतलं यंत्र भलतंच निघालं

मालवाहू जहाजावर सेकंड मेट, म्हणजे एक अधिकारी, असताना रोज सकाळी क्रोनोमीटरला, म्हणजे जहाजावरच्या अचूक घड्याळाला, चावी देणं माझ्याकडे होतं. घड्याळ ज्यात बसवलेलं असतं ती पितळी वाटी उलटी करायची, चावीचे साडेसात फेरे द्यायचे, वाटी हळूच सुलटी करायची. त्या यंत्रावर माझा जीव होता. त्यामुळे मुंबईतल्या एका दुकानात लाकडी पेटीत ‘टॉमस मर्सर, सेंट अल्बन्स’ कोरलेला क्रोनोमीटर दिसला, तेव्हा ८५,००० रुपये मोजले.

तो बंद होता. दुकानदार म्हणाला, “अलंगला तोडलेल्या जहाजावरचा आहे. तेल सुकलंय, चावी देऊ नका. आणि साहेब, हा नुसत्या चावीने चालू होत नाही, तुम्हाला माहीतच असेल.” हे शेवटचं वाक्य खरं आहे. बंद पडलेल्या खऱ्या क्रोनोमीटरला चावी दिल्यावर वाटीला हलकी गिरकी द्यावी लागते, तेव्हा तो चालू होतो. जाणकार माणूस आहे असं वाटून मी चावी लावून पाहिलीच नाही.

घड्याळजींनी वाटी उघडली. आत साखळी नव्हती! क्रोनोमीटरमध्ये शंकूसारख्या फ्यूजीवर बारीक पोलादी साखळी गुंडाळलेली असते. स्प्रिंगचा जोर ओसरत गेला तरी चाकांना मिळणारी ताकद तिच्यामुळे सारखी राहते. इंग्लंडमध्ये ख्राइस्टचर्च गावी बायका आणि लहान मुली या साखळीच्या कड्या एकेक करून रिव्हेटने जोडत. किती जणींचे डोळे त्यात गेले असतील. बॅलन्स चाकाची, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाची, कड पितळ आणि पोलाद एकजीव करून बनवायची, मग दोन ठिकाणी कापायची, म्हणजे गरमी-थंडीत चाक स्वतःला सावरतं. त्यावरची स्प्रिंग उभ्या नळीसारखी गुंडाळलेली. माझ्या पेटीत गजराच्या घड्याळाचं यंत्र होतं, चपट्या स्प्रिंगचं. चावी देताच ते आपोआप टिकटिकू लागलं.

खऱ्याचा सेकंदकाटा अर्ध्या अर्ध्या सेकंदाने उडी घेतो. विकत घेण्याआधी तो चालवून घ्या, कान लावा. चावी किती तासांपूर्वी दिली ते दाखवणारा ५६ तासांचा छोटा काटा हलतो का पाहा. माझा चिकटवलेला होता. दुकानदार वाटी उघडू देत नसेल तर घेऊ नका.

पैसे परत मागायला गेलो तर दुकानदाराने बिल दाखवलं. त्यावर ‘शोभेची पितळी वस्तू’ लिहिलं होतं, मी ते घेताना वाचलं नव्हतं. फळीवर तशीच दुसरी पेटी होती. तबकडीवरचा क्रमांक माझ्याच क्रोनोमीटरचा होता.